जोखीम कुणाच्या खात्यावर?

नवजात बाळाला सेप्सिस होण्याचा धोका कधी जास्त धरायचा, याची एक यादी आपल्याकडच्या बालरोग विभागांत वर्षानुवर्षं वापरात आहे. सेप्सिस म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. निवासी डॉक्टरांना ही यादी तोंडपाठ असते. परीक्षेत ती हमखास विचारतात. बाळंतपणाआधीच्या दोन आठवड्यांत आईला संसर्गाचा ताप येऊन गेला. गर्भजलाला घाण वास आला. पाणी जाऊन चोवीस तास उलटले. काही ठिकाणी ही मर्यादा अठरा तासांची धरतात. कळा चोवीस तासांपेक्षा जास्त लांबल्या. बाळ दिवस भरायच्या आत आलं, किंवा अडीच किलोपेक्षा कमी भरलं. जन्मल्यावर रडलं नाही. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक ओळ असते: अस्वच्छ हाताने केलेली एक, किंवा निर्जंतुक हाताने केलेल्या तीनपेक्षा जास्त आतल्या तपासण्या.

केसपेपरवर हे बहुधा एकाच चौकटीत भरलं जातं आणि त्या चौकटीचं नाव असतं, मातेचे जोखीम घटक.

त्या मधल्या ओळीचं काय करायचं? तपासणारा हात आईचा नसतो. तो कुणाचा होता, त्याला शेवटचा साबण कधी लागला, दिवसभरात ती कितवी बाई होती, हे चौकटीत विचारलेलं नसतं. नोंद मात्र आईच्या नावावर पडते. माझं म्हणणं असं की ही यादी वैद्यकाच्या हिशेबाने बरोबर आहे, पण खातं चुकलेलं आहे. जंतू बाळापर्यंत ज्या वाटांनी पोचतात त्यांतल्या बऱ्याच आईच्या शरीरातून जातात हे खरं; त्या सुरू होतात मात्र दुसरीकडेच. कुणी म्हणेल, हा कारकुनी तपशील झाला. तसं नाही. जोखीम ज्याच्या नावावर लिहिली जाते त्याच्याकडेच उपाय शोधायची व्यवस्थेला सवय असते.

आधी शरीराचं पाहू. पाणमोट शाबूत असते तोवर योनिमार्गातले जंतू सहसा वर चढत नाहीत. ती फुटली की वाट मोकळी होते आणि जितका वेळ जाईल तितके ते वर सरकतात. कधी क्रम उलटाही असतो: संसर्ग आधीच वर पोचलेला असतो, त्यानेच पाणमोट कमकुवत होते आणि दिवस भरायच्या आत कळा सुरू होतात. लघवीतला जंतुसंसर्ग हे त्याचं एक नेहमीचं मूळ, आणि गरोदरपणात तो काहीही त्रास न देता गपचूप राहू शकतो. त्यात भर अशी की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. सातव्या-आठव्या महिन्यात आलेलं बाळ ही शिदोरी अर्धवट घेऊन येतं. म्हणजे 'लवकर आलेलं बाळ' आणि 'संसर्ग झालेलं बाळ' या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. एकीच्या पोटात दुसरी असते.

आईकडून बाळाकडे, हा सरळ हिशेब सगळ्यात ठळकपणे खरा ठरला तो अमेरिकेत. तिथे 1970च्या दशकापासून नवजात बाळांच्या सेप्सिसमध्ये ब गटाच्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा नंबर पहिला होता. तो बऱ्याच निरोगी बायकांच्या योनिमार्गात आणि आतड्यात काही त्रास न देता राहतो आणि बाळंतपणात बाळाला लागू शकतो. 1996 मध्ये तिथे मार्गदर्शक सूचना निघाल्या. 2002 मध्ये ठरलं की 35 ते 37 आठवड्यांच्या दरम्यान प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करायची आणि जंतू सापडला तर कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन द्यायचं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला दर हजार जन्मांमागे सुमारे 1.7 बाळांना पहिल्या आठवड्यात हा आजार होत असे. तो आकडा पुढे 0.25च्या आसपास आला. ब्रिटनने सरसकट तपासणी केली नाही, जोखीम दिसेल त्यांनाच औषध दिलं. दोघांचा वाद अजून चालू आहे, पण दोघांचाही नकाशा एकच आहे: जंतू आईत आहे, आईला औषध द्या, बाळ वाचेल.

हा नकाशा पाठ्यपुस्तकांतून आपल्याकडे आला. आता तो इथल्या जमिनीवर टाकून पाहा.

दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत झालेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या 13,530 नवजात बाळांवर त्यात लक्ष ठेवलं होतं. त्यांतल्या 14.3 टक्के बाळांना सेप्सिस झाला, आणि जवळपास दोन तृतीयांश वेळा तो जन्मापासून 72 तासांच्या आत झाला. पाठ्यपुस्तक सांगतं की इतक्या लवकर आलेला संसर्ग आईकडूनच आलेला धरावा. पण बाळांच्या रक्तात उगवलं काय? अ‍ॅसिनेटोबॅक्टर 22 टक्के, क्लेब्सिएला 17 टक्के, ई. कोलाय 14 टक्के. ब गटाचा स्ट्रेप्टोकोकस नावापुरता. लवकर आलेल्या आणि उशिरा आलेल्या संसर्गाचे जंतूही जवळपास तेच, आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टरचे बहुतेक नमुने एकाहून अधिक औषधगटांना दाद न देणारे.

अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा काही बाईच्या योनिमार्गातला नेहमीचा रहिवासी नव्हे. त्याचं घर म्हणजे सक्शनच्या नळ्या, ओलसर बेसिन, व्हेंटिलेटर, पुसायचं फडकं आणि माणसांचे हात. अनेक औषधांना पुरून उरलेला जंतू तर बहुतेक वेळा औषधं जिथे रोज वाहतात तिथेच घडलेला असतो. पहिल्या दिवशीच तो बाळाच्या रक्तात सापडत असेल, तर शंका आईच्या आधी बाळंतपणाच्या टेबलावर घ्यायला हवी. ही दिल्लीची मोठी रुग्णालयं होती, अडलेल्या बायका तिथे लांबून येतात, आणि खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं चित्र तंतोतंत असंच असेल असं म्हणता येणार नाही. तरी नकाशा चुकत असल्याची ही खूण आहे.

दुसरी खूण महाराष्ट्राच्या जास्त जवळची. कळा सुरू झालेल्या बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिनचा दोन ग्रॅमचा एकच डोस तोंडाने दिला तर आई आणि बाळ दोघांचा संसर्ग टळेल का, हे पाहण्यासाठी सात देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातली केंद्रं होती नागपूर आणि बेळगाव. एकूण 29,278 बायका. निष्कर्ष 2023 मध्ये आले. आयांचा फायदा झाला: सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आलं. स्वस्तातल्या एका डोसाने एवढं साधणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तिचा गाजावाजा व्हायला हवा होता तितका झाला नाही. बाळांच्या बाबतीत मात्र काहीच फरक पडला नाही. मृत जन्म, नवजात मृत्यू किंवा सेप्सिस यांचं एकत्रित प्रमाण औषध दिलेल्या गटात 10.5 टक्के, न दिलेल्या गटात 10.3.

यावरून उडी मारून निष्कर्ष काढू नये. ते औषध क्लेब्सिएलासारख्या जंतूंवर फारसं चालत नाही, आणि त्या दहा टक्क्यांत श्वास कोंडून किंवा पोटातच दगावलेली बाळंही आहेत. पण 'आईला स्वच्छ करा, बाळ आपोआप वाचेल' हा सोपा हिशेब इथे मांडला गेला आणि आईच्या बाजूनेच जमा झाली, एवढं तरी नोंदवायला हवं.

आता बाळंतपणाच्या खोलीत जाऊ. शिकाऊ डॉक्टर असलेल्या कुठल्याही गजबजलेल्या सरकारी रुग्णालयाचा लेबर रूम घ्या. टेबलं चार, बायका सात, सिस्टर एक किंवा दोन. बाई दाखल होते तेव्हा इंटर्न पीव्ही करतो, म्हणजे आतून तपासतो, आणि ओरडून सांगतो, चार सेंटिमीटर. थोड्या वेळाने निवासी डॉक्टर खात्री करते. रजिस्ट्रार येतो, तो स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. पाळी बदलते, नवी टीम पुन्हा पहिल्यापासून पाहते. मध्येच कुणाचा तरी वर्ग असतो, मुलांना 'तोंड किती उघडलं' हे बोटांना कळायला हवं. प्रत्येक जण आपली एक तपासणी लिहितो, कधी लिहीतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2018 ची शिफारस आहे की कळांच्या सक्रिय टप्प्यात सर्वसाधारणपणे चार तासांनी एकदा तपासावं. चार तास म्हणजे आपल्या लेबर रूममध्ये अर्धी पाळी! तिथे संध्याकाळपर्यंत एकूण किती तपासण्या झाल्या हे कुणाला विचारलं तर उत्तर येणार नाही. ते ठाऊक असतं फक्त टेबलावरच्या बाईला. तिने दर वेळी पाय आखडून घेतलेले असतात आणि दर वेळी तिला 'सोड, सैल सोड' असं दरडावलेलं असतं.

हातमोजे असतात. पण मोजे घातलेल्या हाताने पडदा सरकवला, केसपेपर उचलला, खिशातला मोबाईल पाहिला की मोज्याचा उपयोग तपासणाऱ्याला उरतो, तपासल्या जाणाऱ्या बाईला उरत नाही. कोपराने उघडायचा नळ भिंतीला असतो. त्याला पाणी दिवसभर असतंच असं नाही. डिसेंबर 2017 पासून केंद्राचा 'लक्ष्य' हा कार्यक्रम लेबर रूमची प्रत सुधारण्यासाठी सुरू झाला आणि काही ठिकाणी त्याने खरोखर फरक पडला. प्रमाणपत्राच्या तपासणीचा दिवस आणि त्यानंतरचा मंगळवार यांत किती अंतर असतं, ते तिथे काम करणाऱ्या सिस्टरांना विचारावं.

हे सगळं आता जास्त महत्त्वाचं झालं आहे, कारण बाळंतपणाची जागाच बदलली. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 38.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 च्या पाहणीत 88.6 टक्के, महाराष्ट्रात 94.7. पंधरा वर्षांत एवढा बदल क्वचितच कुठे झाला असेल, आणि त्याने असंख्य आया वाचल्या. पण घरातल्या विळ्याचं, शेणाने सारवलेल्या जमिनीचं आणि सुईणीच्या हाताचं भय ज्या व्यवस्थेने आपल्याला इतकी वर्षं घातलं, तिने बाळंतपण आपल्या छपराखाली आणल्यावर आपल्या हातांचा हिशेब वेगळ्या चौकटीत मांडायला नको का? सुईणीचा हात अस्वच्छ होता तेव्हा दोष सुईणीचा होता. डॉक्टरचा हात अस्वच्छ झाला तर तो आईचा जोखीम घटक.

'पाणी जाऊन चोवीस तास' ही ओळही अशीच उसवून पाहण्यासारखी आहे. बीडकडची ऊसतोडीला आलेली एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते, मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती दोघांच्या अंगावर असते. कामाला न गेल्यास खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. नववा महिना लागला तरी मोळ्या बांधायचं काम चुकत नाही. पहाटे फडात वाकल्यावर पाणी जातं. कळा नाहीत. मग कशाला निघायचं? दवाखाना कुठल्या गावाला आहे हे इथे माहीत नसतं. आपल्या गावची आशा तिकडे राहिली, तिच्या वहीत ही 'स्थलांतरित'. सासू असली तर म्हणते कळा येऊ देत, मग बघू. संध्याकाळी ट्रॅक्टर कारखान्यावर ऊस उतरवून परत येतो, रात्री कुणाची तरी गाडी मिळते, पहिल्या दवाखान्यात डॉक्टर नसतो, तिथून पुढे पाठवतात. केसपेपरवर शेवटी एकच ओळ येते: पाणी गेल्याला सव्वीस तास.

ही ओळ बालरोगतज्ज्ञाला पुरेशी आहे. त्याला या घडीला बाळाला औषध सुरू करायचं की नाही एवढंच ठरवायचं असतं, आणि त्याबद्दल त्याला दोष देणं चूक होईल. पण तीच ओळ जिल्ह्याच्या अहवालात चढते, तिथून राज्याच्या, आणि वर जाता जाता तिचा अर्थ 'बाई उशिरा आली' असा होतो. मग उपाय निघतो तो जनजागृतीचा: भिंतीवर म्हण रंगवा, गावात पथनाट्य करा. उचल, खाडा, मुकादम आणि परत पाठवणारा तो पहिला दवाखाना हे चारही त्या चौकटीत कुठे बसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर खर्च होत नाही.

बाळाच्या आजाराचं खापर आईवर फोडणं आपल्याला नवं नाही. पाचवीला सटवाई येते, बाळाच्या कपाळी लेख लिहिते, आणि तिच्या पूजेत काही चुकलं तर बाळ नेते. पाचवा-सहावा दिवस हा धनुर्वाताने आणि नाळेच्या संसर्गाने बाळ दगावायचा काळ. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तो अचूक हेरला होता, फक्त कारण देवीच्या नावावर टाकलं होतं. मला तर वाटतं, देवीच्या नावावर टाकण्यात एक दया होती. कारण दुसरा पर्याय होता तो बाळंतिणीचा: हिने आंबट खाल्लं, ही ओल्या केसांनी बसली, हिचं दूध बाधलं, हिचा पायगुणच तसला.

युरोपही यात मागे नव्हता. 1840च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात बाळंतरोगाने मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त. का? तेव्हा सांगितल्या गेलेल्या कारणांत हवा होती, भीती होती, आणि पुरुष डॉक्टरने तपासल्याने दुखावलेली लाजही होती. शिवाय या बायका गरीब, बऱ्याचशा अविवाहित, असा शेरा. म्हणजे मातेचे जोखीम घटकच! इग्नाझ सेमेलवाइसने 1847 मध्ये दाखवलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बायका तपासत होते. क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केल्यावर एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर गेलेला मृत्युदर जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आला. त्याच्या सहकाऱ्यांना राग कशाचा आला? हात धुण्याचा त्रास ही किरकोळ बाब होती. खातं बदललं, त्याचा तो राग होता.

याचा अर्थ आईच्या शरीरात काहीच नसतं असा नाही. तसं म्हणणारा लेखक आणि सगळं आईवर टाकणारा अहवाल, दोघेही सारखेच आळशी. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी 650 बायकांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक आजार होते, त्यांत संसर्गांचा वाटा मोठा. त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. अंगावरून पांढरं जाणं हे बाईपणाचं नेहमीचंच, असं मानून त्या जगत होत्या. हा साठा घेऊनच बाई गरोदर राहते. त्यात रक्त कमी: 2019-21 च्या पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी 52.2 टक्के रक्तक्षयी होत्या. पण नवव्या महिन्यात या गोष्टी 'मातेचे घटक' म्हणून उगवतात त्याआधी पंधरा-वीस वर्षं त्या मुलीच्या घटक असतात, सुनेच्या असतात, शेवटी जेवणाऱ्या बाईच्या असतात. उपचाराची वेळ तेव्हाची होती. लघवीची साधी तपासणी पहिल्या तीन-चार महिन्यांत झाली आणि औषध मिळालं तर पुढचं बरंच टळतं. आपल्याकडे ती होते, पण बऱ्याचदा पट्टी बुडवून साखर आणि प्रथिनं पाहण्यापुरती.

सिफिलिस आणि एचआयव्हीचं तर विचारूच नका. बाईची तपासणी गरोदरपणात नावनोंदणीलाच होते, तिच्या कार्डावर शिक्का बसतो, आणि सासरच्यांना कळलं की 'हिच्यामुळे' बाळाला धोका. हा आजार तिला दिला कुणी, हा प्रश्न समुपदेशकाने हळूच काढायचा असतो. नवऱ्याला सोबत आणा म्हटलं की तो 'कामाला बाहेर' असतो. सिफिलिसमध्ये त्याचा उपचार झाला नाही तर पेनिसिलिन घेऊन बरी झालेली बाई पुन्हा आजारी पडू शकते. पित्याच्या जोखीम घटकांची चौकट मी तरी आजवर कुठल्या केसपेपरवर पाहिलेली नाही.

खातं बरोबर लिहिलं की काम होतं, याचंही उदाहरण घरचंच आहे. नवजात बाळांचा धनुर्वात. इथे 'आईत प्रतिपिंडं नाहीत' हा निखळ मातेचा घटक होता. पण आरोग्य खात्याने त्याचा अर्थ 'आई चुकली' असा न घेता 'आपलं इंजेक्शन पोचलं नाही' असा घेतला. गावोगाव टीटी पोचली, नाळेसाठी निर्जंतुक ब्लेड आणि दोरा आला, हात आणि जागा स्वच्छ ठेवायचे नियम सुइणींना शिकवले गेले. 2015 मध्ये माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळ.

गडचिरोलीतच डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने केलेला प्रयोग वेगळ्या अंगाने हेच सांगतो. तिथे बहुतेक बाळंतपणं घरी होत होती आणि बऱ्याच बाळांचं वजन कमी होतं. आयांचे घटक एका वर्षात बदलणं शक्य नव्हतं. 39 गावांत आरोग्यदूत तयार केल्या. त्या बाळंतपणाला हजर राहत, नंतर घरी फेऱ्या मारत, संसर्गाची लक्षणं ओळखत, आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी कमी. सेप्सिस झालेल्या बाळांतली दगावणारी 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आली. आया त्याच होत्या. त्यांच्यातली जोखीम फारशी हललेली नव्हती. बाळाजवळ वेळेवर पोचणारं माणूस तेवढं आलं होतं. पुढे 2011 पासून आशांच्या घरभेटींचा जो राष्ट्रीय कार्यक्रम झाला, त्याची मुळं इथली.

आईला जोखीम मानण्याचा सगळ्यात महाग परिणाम मात्र पुढे होतो. चौकटीत एखादी खूण पडली की बाळ 'ऑब्झर्वेशन'ला काचेपलीकडे जातं. रक्त घेतात, पण कल्चरची, म्हणजे रक्तातले जंतू उगवून पाहण्याची सोय कित्येक जिल्ह्यांच्या ठिकाणीसुद्धा धड नसते, म्हणून आईच्या खुणाच निदानाचं काम करतात आणि प्रतिजैविकं सुरू होतात. चौकटीत खूण असलेली बहुसंख्य बाळं मुळात आजारी नसतातच. दरम्यान आई खाली वॉर्डात, बाळ वर. चीक पिळून कुठेतरी वाटीत जातो, किंवा जातच नाही. 2019-21 ची पाहणी सांगते की देशात पहिल्या तासात अंगावर प्यायला मिळणारी बाळं 41.8 टक्के होती. ज्या दुधात संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडं असतात ते संसर्गाच्या भीतीने अडवून ठेवायचं, आणि बाळाला ठेवायचं कुठे, तर जिथे क्लेब्सिएला राहतो तिथे.

2021 मध्ये या समजुतीला एका चाचणीने सरळ छेद दिला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंगमध्ये, एक ते 1.8 किलोच्या आतल्या 3,211 बाळांपैकी निम्म्यांना जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, प्रकृती स्थिरावायची वाट न पाहता. त्यासाठी अतिदक्षता विभागातच आईची खाट घालावी लागली. महिन्याभरात दगावलेली बाळं नेहमीच्या पद्धतीत 15.7 टक्के होती, या गटात 12 टक्के. सेप्सिसचा संशय आलेली 27.8 टक्क्यांवरून 22.9 टक्क्यांवर. जिला दाराबाहेर चपला काढून उभं करत होते, ती आत आल्यावर संसर्ग कमी झाला. आईच्या कातडीवरचे साधे जंतू बाळावर आधी बसले की रुग्णालयातल्या जंतूंना जागा कमी उरते, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. दूध लवकर मिळतं, आणि परक्या हातांची ये-जा घटते, हेही आहेच. तरीही किती सरकारी नवजात कक्षांत आज आईची खाट आहे? जागा नाही, असं उत्तर मिळतं. जागा खरंच नसते. पण नवा व्हेंटिलेटर आला की ती निघते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या काही रुग्णालयांनी आईच्या नोंदींवरून बाळाची जोखीम आकड्यात काढणारी एक पद्धत बसवली: किती आठवडे, आईचा ताप किती, पाणी जाऊन किती तास, औषध कधी दिलं. पहिल्या चोवीस तासांत प्रतिजैविकं मिळणाऱ्या बाळांचं प्रमाण त्याने 5 टक्क्यांवरून 2.6 टक्क्यांवर आलं आणि बाळांचं नुकसान झालं नाही. आईचे घटक असे वापरले तर ते आई-बाळाला एकत्र ठेवायलाही कामी येतात. पण ही पद्धत जशीच्या तशी इथे आणू नये, कारण तिच्या मुळाशी तिथले जंतू आणि तिथल्या संसर्गाचं प्रमाण आहे. टेबलाजवळचा नळ तिच्यात मोजलेला नाही. तिथे तो मोजायची गरज पडली नसावी.

इथे ती आहे. म्हणून केसपेपरवर त्या चौकटीशेजारी दुसरी एक चौकट छापावी, आणि तिच्यावर संस्थेचं नाव असावं. पाणी गेलं तिथपासून पहिल्या दवाखान्यापर्यंत किती वेळ, आणि तिथून इथे पाठवण्यात किती. एकूण किती तपासण्या, किती वेगवेगळ्या हातांनी. त्या पाळीत नळाला पाणी होतं का. बाळ आईपासून किती वेळ लांब होतं, आणि का.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. तपासण्यांच्या रकान्यात सगळीकडे 'तीन' लिहिलं जाईल. बाळंतपण झाल्यावर सावकाश बसून भरलेले कळांचे आलेख ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. बदनामीची, कोर्टाची भीती असेल तिथे खरं लिहिलं जाणार नाही, आणि एकट्या सिस्टरला धारेवर धरण्यासाठी ही चौकट वापरली तर ती नसलेलीच बरी. म्हणून आकडा डॉक्टरने न भरता घरी जाताना बाईला विचारून आशाने किंवा समुपदेशकाने भरावा. तिने तो मोजलेला असतो. आणि तो व्यक्तीच्या नावावर न चढवता टेबलाच्या आणि पाळीच्या नावावर चढवावा. एका आठवड्यात पाच बाळांच्या रक्तात एकच क्लेब्सिएला उगवला, तर पाच आयांच्या लघवीच्या तपासण्या मागवण्याआधी त्या पाळीतली सक्शनची बाटली आणि बेसिनचा नळ यांचे नमुने प्रयोगशाळेत जावेत, आणि त्याचा खर्च रुग्णकल्याण समितीच्या पैशांतून त्याच आठवड्यात मंजूर व्हावा.